दरेकशाच्या चढावर

रत्नपाल मेश्रामच्या गॅरेजवर येणाऱ्या बहुतेक गाड्या दोरखंडानं ओढून आणलेल्या असायच्या. लोकेंद्र पटलेची पांढरी जीप मात्र स्वतः चालत आली, आणि चांगल्या आवाजात आली. २०१२ चा जानेवारी होता. गोंदियाहून आमगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपतं तिथं, रत्नपालचं टिनाचं शेड होतं. आयुष्याची निम्मी वर्षं त्यानं सडक अर्जुनीच्या हायवेवर ट्रकच्या इंजिनांत हात घालून काढली होती. कंबर दुखायला लागल्यावर तो इकडं आला आणि लहान गाड्या धरल्या.

"काय तकलीफ आहे गाडीले?" त्यानं विचारलं.

"आता काईच नाई," लोकेंद्र म्हणाला. तिशी ओलांडलेला, अंगानं बारीक माणूस. दाढी वाढलेली होती.

"मंग कायले आणली?"

लोकेंद्रनं बॉनेटवर हात ठेवला. "ऑक्टोबरात दरेकशाच्या चढावर हिनं जोर सोडला होता. बायको मागं होती. तिले साप चावला होता. गाडी पुढं सरकतच नव्हती. दुसऱ्या हप्त्यात एका मिस्त्रीले दाखवली तं तो म्हणे, गाडीत काईच खराबी नाई. खरंच नाई. आताबी चांगली चालते. तवा काऊन चालली नाई, तेवढं मले सांगा, भाऊ."

"बायको आता..." रत्नपाल बोलू लागला आणि लोकेंद्रचा चेहरा पाहून थांबला. त्यानं पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि बसायला लाकडी बाक पुढं केला.

गाडी मूळची लोकेंद्रची नव्हती. तिरोड्याकडचे रूपलाल बिसेन, त्याचे सासरे, यांनी ती दहा वर्षांपूर्वी नवी घेतली होती. टर्बो असलेली डिझेल गाडी तेव्हा त्यांच्या गावात दुसरी नव्हती. रूपलालजी ती स्वतः चालवत. नागपूरला, रायपूरला, लग्नांना, दवाखान्यांना. चढ लागला की इतर गाड्या मागं टाकण्यात त्यांना मजा वाटे. मोतीबिंदूनंतर डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, तेव्हा त्यांनी किल्ली मुलीच्या हातात ठेवली. लोकेंद्रचं गाव, कोहमटोला, दरेकशाच्या जंगलाला लागून. तिथून तालुक्याला यायचं तर घाट चढून यावं लागतं. "जंगलात राहता, लेकरू लहान आहे, गाडी दारात असू द्या," असं ते म्हणाले होते.

लोकेंद्रच्या बायकोला, ओमेश्वरीला, साप चावला तो दिवस धान कापणीचा होता. दुपारी ती बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कापून पसरलेल्या कडपा गोळा करत होती. धानाच्या एका मुठीखाली नाग होता. पायाच्या घोट्यावर डंख बसला. लोकेंद्रनं गाडी बांधापर्यंत आणली. शेजारच्या शेतातला बकाराम पुढं बसला, लोकेंद्रची आई रामबाई मागं, आणि तिच्या मांडीवर ओमेश्वरीचं डोकं. घाट लागेपर्यंत गाडी पळाली. चढ सुरू झाला आणि जीव गेल्यासारखी गाडी मंदावली. लोकेंद्रनं एक्सलेटर तळाला टेकवला, गिअर खाली घेतला, पुन्हा टेकवला. गाडी बैलबंडीच्या चालीनं चढत राहिली. मागं ओमेश्वरीची पापणी उचलेनाशी झाली, मग बोलणं जड झालं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा श्वास अडकत होता. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

रूपलालजी तिरोड्याहून पोचले तेव्हा डॉक्टर हळू आवाजात एवढंच बोलले होते, "थोडं आधी आणलं असतं तर..." ते वाक्य रूपलालजींच्या डोक्यात बसलं. कोहमटोल्याहून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांनी त्याच गाडीनं कितीदा कापला होता. एवढ्या रस्त्याला इतका वेळ लागत नाही. मधला वेळ कुठं गेला, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं आणि तेरवीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून टाकलं.

"माह्या पोरीले आधी झाडफुकीले नेलन. मंग दवाखान्यात. अन् आता गाडीचं नाव सांगून राहिले."

बकारामनं सांगून पाहिलं की कुठं नेलं नाही, गाडीच चालत नव्हती. पण गाडीतलं मला काही समजत नाही, असंही तो प्रामाणिकपणे म्हणाला. रामबाई बोलली तर, आईच आहे, मुलाला सांभाळणारच, असं लोक म्हणाले. आणि मग त्या दुसऱ्या मिस्त्रीनं गाडी ठीक असल्याचं सांगितलं. त्यानंतर रूपलालजींना वेगळा पुरावा नको होता. ते सहा वर्षांच्या नातीला, दामिनीला, सोबत घेऊन गेले. तिकडच्या शाळेत नावही घातलं. लोकेंद्र तिला भेटायला गेला की ते ओसरीवरून उठून शेताकडं निघून जात.

हे सगळं लोकेंद्रनं बाकावर बसून सांगितलं. शेवटी रत्नपाल म्हणाला, "पाहातो. पन एक सांगून ठेवतो. कारन सापडलं तं ते तुमाले बरं वाटंल असंच राहीन, असं काई नाई."

"चालते."

"अन् मी एकेक पार्ट बदलत जाईन. कोनत्या पार्टनं ठीक होते ते पाहू."

"बदलू नका," लोकेंद्र पटकन म्हणाला. "बदललं तं गाडी चांगली होईन. पन तवा काय झालं होतं ते मंग कसं समजन? मले कारन पायजे."

रत्नपालला हे पटलं. त्याच्याकडं येणाऱ्याला गाडी चालती हवी असायची, कारणाशी कोणाला घेणंदेणं नसायचं. त्यानं जीप ठेवून घेतली. पुढचे काही दिवस हातातली कामं आवरली की तो तिच्याकडं वळायचा. डिझेलचा फिल्टर उघडला, तो स्वच्छ होता. टाकीत पाणी किंवा कचरा असेल म्हणून टाकी उतरवली, त्यातही काही नव्हतं. टर्बोचा पाइप काढून आतलं चाक बोटानं फिरवून पाहिलं. ते मोकळं फिरत होतं, हलत नव्हतं, कुठं घासल्याची खूण नव्हती. हवेचे पाइप बाहेरून दाबून पाहिले. जुने होते, पण कुठं चीर नव्हती. मग त्यानं गाडीत गिट्टीची पोती टाकली आणि सकाळच्या थंडीत आमगावपर्यंत पळवून आणली. गाडी मस्त पळाली.

लोकेंद्र आला तेव्हा रत्नपालनं मान हलवली. "मले काई सापडलं नाई."

लोकेंद्र गाडीच्या मागच्या दाराला टेकून उभा राहिला, आणि रत्नपालच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला जो त्याला आवडला नाही. सासरा खरं बोलत तर नसेल ना? त्यानं तो विचार लोकेंद्रला दाखवला नाही. पण एक गोष्ट केली. रूपलाल बिसेनांचा नंबर घेतला आणि गाडीचं आधीचं काम विचारायला फोन लावला.

"गाडी माह्या हातात होती तवा तिनं कंदी दगा देल्ला नाई," पलीकडून कोरडा आवाज आला. "चढावर तं ती अजूक जोर करे. तुमी मिस्त्री आहा, तुमाले सापडलं काई?"

"अजून नाई."

"नाईच सापडत." रूपलालजी म्हणाले, "तुमी त्या चढावर गाडी नेऊन पाहानार असान तं मले बोलवा. मी मागं बसतो. मले माह्या डोळ्यानं पाहायचं आहे."

फेब्रुवारीत एका रविवारी रत्नपाल कोहमटोल्याला गेला. त्याला रस्ता पाहायचा होता आणि त्या दिवशी गाडीत असलेल्या बाकीच्या दोघांशी बोलायचं होतं. बकाराम मजुरीला बाहेरगावी गेला होता. रामबाई अंगणात उडीद पाखडत बसली होती. तिनं सून गेल्यापासून त्या दिवसाबद्दल कोणाशी बोलायचं सोडलं होतं, कारण बोललेलं कोणी मानत नव्हतं.

"माय, मी खरं-खोटं करायले नाई आलो," रत्नपाल तिच्यापासून थोडा लांब, ओट्याच्या कडेला बसला. "गाडीचंच विचारतो. आवाज कसा होता?"

"मोठा होता बाप्पा. इंजन बोंबलून राहिलं होतं अन् चाकं फिरून नव्हते राहिले."

"झटके देत होती का? मधातच बंद पडल्यासारखी?"

"नाई. झटके नाई. नुसती दमल्यावानी."

"धूर होता?"

लोकेंद्र दारात उभा होता. "धुराचं मले नाई आठवत. मी समोरच पाहून होतो."

रामबाईनं सूप खाली ठेवलं. "मी मागं पाहून होती," ती म्हणाली. "तिच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं मले. म्हनून मागच्या काचातनं पाहून होती. मागं रस्ताच दिसत नव्हता. कारा धूर. झाडं दिसेनात, काई दिसेना. मले वाटलं आता काई जळून राहिलं. मी म्हनलं नाई, कारन लोकेंद्र घाबरला असता."

रत्नपाल ओट्यावरून उठला. "कारा? पक्कं कारा?"

"चुलीवर राकेलची चिंधी जळते तसा."

इतक्या दिवसांत त्याच्या हाताला पहिल्यांदा काही लागलं होतं. डिझेल कमी पडलं की इंजिन दम सोडतं, पण धूर काळा येत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर जात होतं आणि त्याला जाळायला हवा पुरत नव्हती. म्हणजे त्या दिवशी, त्या चढावर, हवेची वाट कुठंतरी बंद झाली होती. आणि नंतर ती आपोआप उघडली होती.

गॅरेजवर परतल्यावर त्यानं एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप काढला. बाहेरून तो आधीही पाहिला होता. आता बॅटरी लावून आत पाहिलं. आतून सगळं गुळगुळीत होतं. बोट फिरवलं तेव्हा एका जागी फोड आल्यासारखं मऊ लागलं. दाबलं की बसत होतं. तेवढंच. त्यानं बराच वेळ तो पाइप हातात धरला, मग होता तसा परत बसवून टाकला. संशय त्याला आला होता, पण संशयावर तो त्या दोन घरांना काही सांगणार नव्हता.

"थंडी आहे," त्यानं लोकेंद्रला फोनवर सांगितलं. "ऊन तापू द्या. त्या दिवशी जेवढे लोक होते तेवढेच बसवू. तोच रस्ता, तीच दुपार."

मार्चच्या शेवटाला मोहफुलं गळायला लागली तेव्हा ते निघाले. रूपलालजी सकाळच्या रेल्वेनं तालुक्याला, सालेकशाला, उतरून कोहमटोल्याला आले होते. धोतर, पांढरा सदरा, डोळ्यांना जाड चष्मा. घरात आले नाहीत. रामबाईनं पाणी आणलं ते त्यांनी अंगणात उभ्यानंच प्यालं. गाडीत बसायची वेळ आली तेव्हा रामबाई आपोआप मागं, तिच्या त्या दिवसाच्या जागी जाऊन बसली. पुढं रत्नपाल बसला. उरलेली जागा रामबाईच्या शेजारची होती. रूपलालजी दार धरून क्षणभर उभे राहिले आणि मग आत बसले.

लोकेंद्रनं गाडी बांधाजवळून सुरू केली. ऑक्टोबरनंतर माणसांनी भरलेली गाडी घेऊन तो या रस्त्यावर पहिल्यांदाच येत होता. जंगलात झाडांखाली बाया-माणसं मोहफुलं वेचत होती आणि उन्हानं हवेला आंबूस-गोड वास सुटला होता. सपाटीवर गाडी नीट पळाली. रत्नपालनं सांगितल्यावरून लोकेंद्रनं ती वळवून पुन्हा पळवली, इंजिन चांगलं तापेपर्यंत.

चढ लागला. रत्नपाल म्हणाला, "आता त्या दिवशीसारखा पाय द्या. पूर्न."

लोकेंद्रनं एक्सलेटर तळाला टेकवला. गाडीनं उचल घेतली, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. रूपलालजींनी मागं घसा साफ केला. आता ते बोलणार असं वाटलं, आणि तेवढ्यात गाडी मंदावली. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग गळून गेला. लोकेंद्रनं गिअर खाली घेतला. त्याचा पाय फळीला चिकटला होता. गाडी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं वर सरकत होती.

"असंच," रामबाई बारीक आवाजात म्हणाली. "अगदी असंच होतं."

रूपलालजींनी मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता दिसत नव्हता. काळ्या धुरानं झाडं झाकली होती. ते तसेच मागं वळून बसले, बराच वेळ.

लोकेंद्रच्या कपाळावरून घाम वाहत होता. तो स्टीअरिंगवर वाकला होता, जणू छातीनं गाडी ढकलत होता. रत्नपालनं त्याच्या हाताला हात लावला. त्याला हे करायचं नव्हतं, पण केल्याशिवाय खात्री होणार नव्हती.

"लोकेंद्र, पाय थोडा उचला."

"काय?"

"पाय उचला. पूर्न नाई. अर्धा."

लोकेंद्रनं पाय उचलला. इंजिननं एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला, धूर विरळ झाला आणि गाडी पुढं सरकली. त्या अर्ध्या पायावर ती चढ चढू लागली. फार जोरात नाही, पण चढू लागली. पुढचं वळण तिनं आरामात घेतलं. लोकेंद्रनं पुन्हा पाय दाबला आणि ती पुन्हा बसली. उचलला, चालली.

त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून उतरला. कोणाकडं न पाहता तो रस्त्याच्या खाली, मोहाच्या झाडांत निघून गेला.

रत्नपालनं बॉनेट उघडलं. गरम पाइप फडक्यानं धरून सोडवला आणि तोंडाकडून आत पाहिलं. मग तो रूपलालजींपुढं धरला. आतला रबराचा थर सुटून एका बाजूनं लोंबत होता, भाजलेल्या वांग्याचं साल सुटतं तसा.

"बाहेरून चांगला दिसते," रत्नपाल म्हणाला. "थंड असला की हा थर चिपकून राहाते. इंजन तापलं की सुटते. अन् टर्बो जवा जोरात हवा ओढते ना, तवा हा थर ओढला जाऊन वाटच बंद करते. उतारावर, रिकाम्या गाडीत, थंडीत, कंदीच नाई समजत. म्हनून त्या मिस्त्रीलेबी नाई समजलं. मलेबी नाई समजलं. तुमच्या हातात गाडी होती तवा रबर नवा होता."

रूपलालजींनी पाइप हातात घेतला. चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बोटानं तो सुटलेला थर उचलला आणि सोडला.

"म्हंजे गाडीच होती," ते म्हणाले.

"गाडीच होती."

"अन् तो पाय?" त्यांचा आवाज बदलला होता. "त्यानं पाय उचलला अन् गाडी चालली. म्हंजे जेवढा जोर देल्ला तेवढी..."

"हो जी. जेवढा दाबा तेवढी हवा बंद. थोडा सोडला असता तं थोडी चालली असती. पन हे कोनाले माहीत राहाते? मलेबी आज माहीत झालं."

"वाचली असती?"

"ते गाडी नाई सांगू शकत," रत्नपाल म्हणाला. "मीबी नाई."

रामबाई गाडीतून उतरून सावलीत बसली होती आणि पदर तोंडाला लावून रडत होती. रूपलालजींनी पाइप बॉनेटवर ठेवला. गेले कितीतरी महिने ते ज्या रागावर उभे होते तो राग आता ठेवायला त्यांना जागा नव्हती. चेहऱ्यावर नेमकं काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून असेल, ते लगेच वळले आणि काठी टेकत खाली झाडांकडं निघाले.

लोकेंद्र एका मोहाच्या बुंध्याशी बसला होता. आजूबाजूला पिवळी फुलं पडली होती. दूर एक बाई टोपलीत फुलं वेचत होती, ती याच्याकडं पाहून लांबच्या झाडाकडं सरकली.

रूपलालजी त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांना बसता येत नव्हतं, गुडघे दुखत. त्यांनी हात पुढं केला, लोकेंद्रनं तो धरला, आणि त्या आधारानं ते जमिनीवर टेकले.

"मी दाबूनच होतो," लोकेंद्र म्हणाला. "चढ लागला तवा ती मागं म्हनत होती, हळू चालवा, धक्के लागते. मी आयकलं नाई. मले वाटलं, हळू कसं चालवू. तिचं आयकलं असतं तं..."

"ती तसं म्हनाली?"

"हो."

एक फूल रूपलालजींच्या मांडीवर पडलं, ते त्यांनी उचलून बाजूला ठेवलं.

"माही पोरगी मागं तसी पडली असती अन् मी चालवत असतो," ते शेवटी म्हणाले, "तं माहा पाय फळी फोडून खाली गेला असता. कोन उचलते पाय, जवाईबापू? जो उचलन त्यालेच लोक म्हनतील का यानं बायकोची काळजी नाई केली."

लोकेंद्रचे खांदे हलायला लागले. रूपलालजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण थोपटला नाही. नुसता ठेवला.

"झाडफुकीचं मी बोललो," ते म्हणाले. "सगळ्यासमोर बोललो. माह्यानं सहन होत नव्हतं, म्हनून बोललो. तिच्या जान्याचा दोष द्यायले कोनीतरी पायजे होता. आता ज्यायच्यासमोर बोललो त्यायच्यासमोर सांगीन."

"सांगून काय होते, मामाजी."

"काई नाई होत. तरी सांगीन."

वर रस्त्यावर रत्नपालनं सोबत आणलेला नवा पाइप बसवला होता. परत जायचं तर गाडी सुरू करावीच लागणार होती. लोकेंद्रनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः मागं आईजवळ बसला. रूपलालजी पुढं बसले. रत्नपालनं गाडी चढाच्या पायथ्याशी नेली आणि तिथून पुन्हा वर घेतली, कारण काम झालं की नाही ते पाहण्याची त्याची सवय होती. गाडी त्याच चढावर इतक्या सहज गेली की आपण असं करायला नको होतं, असं त्याला वरच्या वळणावर पोचल्यावर वाटलं. मागं लोकेंद्रनं डोळे मिटून घेतले होते. त्या सरळ, बिनकष्टाच्या चढण्यात किती वेळ वाचला असता, ते गाडीत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

लोकेंद्रनं ती गाडी पुन्हा चालवली नाही. रूपलालजींचा पुतण्या छोटेलाल येऊन ती तिरोड्याकडं घेऊन गेला. एप्रिलमध्ये त्यांच्या नात्यात एक लग्न होतं. तिथं जेवणाच्या पंगती बसल्यावर रूपलालजी मध्ये उभे राहिले आणि म्हणाले की जावयाबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं, तो सरळ दवाखान्याकडंच निघाला होता, माझीच चूक झाली. लोक क्षणभर थांबले, काहींनी मान हलवली, आणि वाढपी पुढं सरकले. लोकेंद्र तिथं नव्हता. त्याला हे नंतर एका नातेवाइकानं सांगितलं. ऐकून त्याला हलकं वाटेल असं सांगणाऱ्याला वाटलं होतं. लोकेंद्र फक्त "बरं" म्हणाला. आरोप गेला होता, पण त्याच्या जागी जे आलं होतं ते कोणाला काढून घेता येण्यासारखं नव्हतं. जेवताना, बांधावर, खाटेवर पडल्यापडल्या त्याचा उजवा पाय मध्येच ताठ व्हायचा. रामबाईनं ते पाहिलं होतं. ती पायाला तेल लावून द्यायची आणि विचारायची नाही.

रत्नपाल मे महिन्यात एकदा कोहमटोल्याला येऊन गेला. काही काम नव्हतं. सालेकशाला एका ट्रॅक्टरसाठी आलो होतो, म्हणाला. चहा प्याला, धानाच्या नर्सरीबद्दल बोलला. निघताना म्हणाला, "मी तुमाले पाय उचलायले सांगतलं, ते एकट्यात सांगायले पायजे होतं. सगळ्यासमोर नाई."

"एकट्यात सांगतलं असतं तं मामाजीले कसं दिसलं असतं?" लोकेंद्र म्हणाला. "अन् कारन मीच मांगलं होतं."

शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, रूपलालजी दामिनीला परत सोडायला घेऊन आले. पॅसेंजरनं. लोकेंद्र स्टेशनवर उभा होता. गाडी थांबली आणि मुलगी आजोबांच्या हाताला धरून उतरली. तिचे दोन बूट वेगवेगळ्या रंगांच्या नाड्यांनी बांधले होते. लोकेंद्रला पाहून ती आधी आजोबांच्या मागं गेली आणि मग बाहेर आली.

"घरी चाला मामाजी," लोकेंद्र म्हणाला. "माय वाट पाहून राहिली."

"आज नाई. परतीच्या गाडीनं जातो." ते फलाटावरच्या बाकावर बसले. परतीच्या गाडीला वेळ होता. लोकेंद्र शेजारी बसला. दामिनी नळाखाली हात धरून पाण्याशी खेळत होती.

"तिले भेंडी नाई आवडत," रूपलालजी सांगू लागले. "बळजबरी नोका करू, उलटी करते. दुधात साखर कमी टाका. रात्री उठून बसते कंदी कंदी. तवा काई बोलायचं नाई, नुसतं जवळ बसायचं. आपोआप झोपते. पावसाचा आवाज आला की घाबरते, पन विजेले नाई घाबरत. झोपताना कोनाचातरी कान धरते. माहा धरत होती. दुखते थोडं, पन सोडवू नोका."

"हो."

"ओमेश्वरीबी असंच करे. तिच्या मायचा कान धरून झोपे. मंग तिची माय गेली तं माहा धरे." ते थांबले. "हे मी तुमाले कंदी सांगतलं नव्हतं."

"तिनंबी नाई सांगतलं."

"तिले आठवत नसंन. लहान होती."

दामिनी ओले हात झटकत आली आणि दोघांच्या मधे बसली. तिनं विचारलं की घरी कशानं जायचं. लोकेंद्रनं सांगितलं की ऑटोनं वळणापर्यंत आणि मग पायी. तिला पायी चालायचं आवडेल असं ती म्हणाली. रूपलालजींनी खिशातून रुमाल काढून तिचे हात पुसले, एकेक बोट वेगळं करून, आणि गाडी येईपर्यंत तो ओला रुमाल त्यांनी मुठीत तसाच धरून ठेवला.